बर्फावरचीं पिल्लें आणि डब्यांतला मासा

‘बॉयकॉट’ हा शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळां पडतो कीं, तें एका माणसाचें आडनांव आहे याचा सहसा विसर पडतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यांत एका जमीनदाराचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन बॉयकॉट याच्याशीं १८८० सालीं कुळांनीं बोलणें, त्याचें शेत कापणें, त्याला माल विकणें, सर्व एकदम बंद केलें. आणि त्या गृहस्थाचें नांव कायमचें शब्दकोशांत जाऊन बसलें. आपला ‘बहिष्कार’ हा शब्द त्याहून पुष्कळ जुना. जातीबाहेर टाकणें हा त्याचा रूढ अर्थ. १९०५ नंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रींत त्याला स्थान मिळालें तेव्हां त्यास राजकीय तेज चढलें. त्या काळीं विलायती साखर हाडांच्या कोळशानें शुभ्र करतात, सबब ती घरांत आणूं नये, असें सांगणारे पुष्कळ होते, आणि तें कोळशाचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु तेथें प्रश्न विटाळाचा होता. ज्या जनावराचें तें हाड, त्याच्या वेदनेचा विचार त्यांत फारसा नव्हता. एखाद्या देशांत मुक्या प्राण्यास निर्दयपणें मारतात, म्हणून त्या देशाचा माल घ्यावयाचा नाहीं, मग त्या मालाचा त्या प्राण्याशीं संबंध असो वा नसो, ही कल्पना जोर धरूं लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग कॅनडा या देशावर झाला.

श्रोत्यांनीं उत्तर अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. कॅनडाच्या पूर्वेस सेंट लॉरेन्स नदी एका प्रचंड आखातास मिळते, आणि त्या आखाताच्या मुखाशीं न्यूफाउंडलंड नांवाचें खडकाळ बेट पहाऱ्यास बसल्यासारखें पडलें आहे. हिवाळ्याच्या अखेरीस तेथील समुद्रावर बर्फाचे सपाट तुकडे तरंगत असतात. त्यांतले कांहीं एखाद्या मळ्याएवढे. फेब्रुवारीच्या शेवटीं, उत्तरेकडून शेंकडों कोस पोहून आलेल्या सीलांच्या माद्या या बर्फावर चढतात आणि प्रत्येकी एक पिल्लूं घालतात. मोठ्या सीलाच्या पाठीवर वीणेच्या आकाराचा काळा डाग असतो, म्हणून या जातीस इंग्रजींत हार्प सील म्हणतात. पिल्लाचें अंग मात्र पहिले सुमारें दोन आठवडे दुधासारखें पांढरें. आईचें दूध इतकें स्निग्ध असतें कीं, अवघ्या बारा दिवसांत पिल्लाचें वजन तिपटीच्या घरांत जातें; आणि मग आई त्यास तेथेंच टाकून निघून जाते. त्यास धड पोहतां येत नाहीं, पळतां तर मुळींच येत नाहीं. आणखी एक गोष्ट. डोळ्यांतलें पाणी नाकांत उतरण्याची जी नळी माणसास असते ती सीलास नसते; त्यामुळें तें पाणी गालांवरून ओघळत राहतें. पिल्लूं रडत नसतें, परंतु छायाचित्रांत तें रडतांना दिसतें. पुढें जो इतिहास घडला त्यांत या एका नळीच्या अभावाचा वांटा लहान नाहीं.

न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांस हीं पिल्लें म्हणजे वर्षाचें पहिलें पीक. हिवाळाभर समुद्र गोठलेला, होड्या वर ओढलेल्या, कोठींतलें पीठ संपत आलेलें, अशा वेळीं मार्च महिना उजाडे आणि माणसें सोटे घेऊन बर्फावर जात. १८३१ सालीं सहा लाखांहून अधिक सील मारले गेले. त्या वेळीं कातड्यापेक्षां चरबीस मोल होतें; तिच्या तेलावर दूरदूरच्या शहरांतले दिवे जळत. हा धंदा करणारे लोक श्रीमंत नव्हते, आणि त्यांचे मालक दयाळू नव्हते. १९१४ च्या मार्चअखेरीस ‘न्यूफाउंडलंड’ याच नांवाच्या जहाजावरील १३२ माणसें हिमवादळांत सांपडून दोन रात्री उघड्या बर्फावर राहिलीं. त्यांच्या कप्तानास वाटलें कीं, माणसें आपल्या वडिलांच्या जहाजावर सुखरूप आहेत. वडिलांस वाटलें कीं, तीं मुलाच्या जहाजावर परत गेलीं असतील. बिनतारी संदेशाचें एक यंत्र असतें तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता, हें नभोवाणीच्या श्रोत्यांस सांगावयास नको. तसें यंत्र त्या जहाजावर पूर्वीं होतें. परंतु त्यापासून सीलांची आवक कांहीं वाढत नाहीं, असें पाहून मालकांनीं तें काढून घेतलें होतें. ७८ माणसें मेलीं. त्याच वादळांत ‘सदर्न क्रॉस’ हें दुसरें जहाज १७० हून अधिक माणसांसह नाहींसें झालें, तें पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. न्यूफाउंडलंडच्या घराघरांत सीलाची शिकार म्हणजे काय याची आठवण ही अशी आहे. लंडनच्या किंवा पॅरिसच्या वाचकास तिचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलें. तेलाची गरज ओसरली, आणि कातडें कमावण्याची कला सुधारल्यामुळें त्या पांढऱ्या लोकरीचे कोट आणि हातमोजे युरोपांत खपूं लागले. न्यूफाउंडलंड १९४९ सालीं कॅनडांत सामील झालें. नॉर्वेचीं मोठीं जहाजेंहि त्याच बर्फाकडे येत. १९६४ सालीं कॅनडाच्या फ्रेंच दूरचित्रवाणीवर या शिकारीचा एक बोलपट दाखविण्यांत आला; त्यांत जिवंत सीलाचें कातडें सोललें जात असल्याचें दृश्य होतें. तें पाहून देशोदेशीं संताप उसळला. त्या दृश्यांतल्या माणसानें पुढें शपथेवर सांगितलें कीं, तें करण्यासाठीं आपणांस पैसे देण्यांत आले होते. पण तोंवर दृश्यानें आपलें काम केलें होतें, आणि खुलाशाला चित्राचा वेग कधींच येत नाहीं.

या चळवळीस शिस्त लावली ती ब्रायन डेव्हिस या वेल्समध्यें जन्मलेल्या गृहस्थानें. न्यू ब्रुन्स्विक प्रांतांतील भूतदया मंडळींत काम करतां करतां त्यानें १९६९ सालीं प्राणिकल्याणाचा एक आंतरराष्ट्रीय निधि स्थापन केला. वर्तमानपत्रांचे प्रतिनिधि हेलिकॉप्टरमधून थेट बर्फावर नेऊन उतरविणें ही त्याची युक्ति. सरकारनें १९७१ पासून शिकारीची मर्यादा ठरविली, ती पहिल्या वर्षीं २,४५,००० होती. १९७२ सालीं अमेरिकेनें समुद्रांतील सस्तन प्राण्यांचा माल आंत आणण्यास कायद्यानें मनाई केली. १९७६ सालीं ग्रीनपीसचे लोक बर्फावर गेले, आणि १९७७ सालीं फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो तेथें येऊन गेली. पांढरें पिल्लूं आणि सुप्रसिद्ध नटी, एवढें जुळून आल्यावर आणखी काय हवें?

कॅनडाचें सरकार आपल्या परीनें उत्तरें देत होतें. सोट्याचा एक घाव नेमका डोक्यावर बसला कीं, पिल्लूं जागींच मरतें. कत्तलखान्यांत गाईडुकरांचें जें होतें त्याहून हें वाईट नाहीं. सीलांची संख्या मर्यादेनें राखली जात आहे. यांत तथ्य होतें. घाव प्रत्येक वेळीं नेमका बसत नाहीं, हलत्या बर्फावर घाईनें काम करणारा माणूस चुकतो, असें विरोधक म्हणत. यांतहि तथ्य होतें. परंतु सरकारच्या बाजूस आंकडे होते आणि विरोधकांच्या बाजूस चेहरा होता. पोस्टांतून हजारों घरीं गेलेल्या पत्रकांवर तो चेहरा छापलेला असे, खालीं सही करावयास जागा असे. युरोपीय पार्लमेंटनें १९८२ च्या मार्चमध्यें मोठ्या बहुमतानें बंदीची शिफारस केली. २८ मार्च १९८३ रोजीं युरोपीय आर्थिक समुदायानें हुकूम काढला कीं, १ ऑक्टोबरपासून दोन वर्षें पांढऱ्या पिल्लांचीं कातडीं, आणि हुडेड सील नांवाच्या दुसऱ्या जातीच्या पिल्लांचीं निळसर कातडीं, आंत येऊं देऊं नयेत. १९८१ सालीं दोन लाखांवर सील मारले गेले होते; १९८३ सालीं सुमारें ५८ हजार.

येथवरचा इतिहास कातड्याचा झाला. बंदीची मुदत दोनच वर्षांची, आणि कॅनडानें शिकार सोडून दिलेली नव्हती. तेव्हां डेव्हिसच्या संस्थेनें जो पेंच टाकला तो बहिष्काराच्या इतिहासांत शिकण्यासारखा आहे. सीलाच्या कातड्यावर बहिष्कार घाला, असें ब्रिटनमधील सामान्य गृहिणीस सांगून काय उपयोग? तिनें तसला कोट जन्मांत विकत घेतला नव्हता, आणि घेण्याची ऐपतहि नव्हती. जें आपण घेतच नाहीं तें घ्यावयाचें नाहीं, ही प्रतिज्ञा फार सोपी, आणि तितकीच पोकळ. पण मासा ती दर आठवड्यास घेत होती. कॅनडाच्या माशांची निर्यात सीलाच्या धंद्याहून कितीतरी पट मोठी होती, आणि पूर्व किनाऱ्यावर सील मारणारे ते बहुतेक कोळीच. म्हणून संस्थेनें १९८४ सालीं ब्रिटन आणि अमेरिकेंतील लोकांस सांगितलें, कॅनडाचा मासा घेऊं नका, आणि तसें आपल्या दुकानदारास लिहून कळवा. छापील पत्रें तयार होतीं. त्यांवर फक्त नांव घालावयाचें.

दुकानदाराचा हिशेब सरळ होता. फळीवर कॅनडाचा मासा ठेवला नाहीं तर दुसऱ्या देशाचा ठेवतां येतो; गिऱ्हाईक रुसलें तर मात्र तें पीठ, साखर, साबण, सगळेंच घेऊन शेजारच्या दुकानीं जातें. टेस्को या ब्रिटनमधील बलाढ्य दुकानसंस्थेनें १९८४ सालीं कॅनडाचा मासा ठेवणें बंद करण्याचें ठरविलें. जें काम वीस वर्षांच्या व्याख्यानांनीं झालें नाहीं, तें या एका पत्रानें पुष्कळसें झालें. थोड्याशा कातड्यांसाठीं सबंध माशांची पेठ घालवावी काय, हा प्रश्न आतां कॅनडांतच विचारला जाऊं लागला.

या पेंचाची दुसरी बाजू तितकीच पाहण्यासारखी आहे. ब्रिटनमध्यें कॅनडाचा जो मासा विशेष खपे, तो डब्यांत भरलेला सामन. हा सामन ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतला, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरचा. ज्या बर्फावर पिल्लें मारलीं जात त्यापासून हा किनारा हजार कोसांवर. तेथील कोळ्यांनीं पांढरें पिल्लूं चित्राखेरीज पाहिलें नसेल. आणि डबा नाकारून नॉर्वेचा मासा घ्यावा, तर नॉर्वेचीं जहाजें सील मारीत होतींच. डब्यावरचें देशाचें नांव, एवढाच काय तो या सर्वांना बांधणारा धागा. देशावरील बहिष्काराचें बळ यांतच असतें, आणि अन्यायहि यांतच.

कॅनडा सरकारनें १९८४ सालीं न्यायमूर्ति मालूफ यांच्या अध्यक्षतेखालीं एक रॉयल कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १९८६ सालीं आला, आणि तो वाचण्याजोगा आहे. नीट मारलेला सोट्याचा घाव कत्तलखान्याच्या रीतीहून अधिक क्रूर नाहीं, असें कमिशननें मान्य केलें. आणि तरीहि दूध पिणाऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार बंद करावी असें सांगितलें, कारण जगांतील लोकांना ती असह्य वाटते. म्हणजे सरकारचा युक्तिवाद ग्राह्य धरूनहि निकाल सरकारविरुद्ध! ३० डिसेंबर १९८७ रोजीं पांढऱ्या आणि निळ्या पिल्लांची व्यापारी शिकार आणि मोठ्या जहाजांनीं करावयाची शिकार कॅनडानें थांबविली. बहिष्कार जिंकला.

सुक्याबरोबर ओलेंहि जळतें म्हणतात, तें ओलें येथें कोणतें? उत्तर ध्रुवालगतचे इन्युइट लोक. हे लोक हार्प सीलाच्या पांढऱ्या पिल्लांमागें जात नाहींत. त्यांची मुख्य शिकार म्हणजे अंगावर वलयें असलेला लहानसा सील. तो श्वास घेण्यासाठीं बर्फांत जें भोंक राखतो, तेथें शिकारी थंडींत तासन् तास निश्चल उभा राहतो. मांस सर्व नातलगांत वांटलें जातें. कातडें पूर्वीं कपड्यांना आणि तंबूंना लागे. पुढें तें विकून बंदुकीचीं काडतुसें आणि बर्फावर चालणाऱ्या यांत्रिक गाडीचें तेल येऊं लागलें. म्हणजे कातडें विकलें जाई म्हणून शिकारीस जातां येई, आणि शिकार मिळे म्हणून घर खाई.

१९८३ च्या हुकुमांत इन्युइटांची परंपरागत शिकार वगळली होती. पण बाजारास कायद्याचें कलम वाचतां येत नाहीं. गिऱ्हाइकानें सीलाच्या कातड्याकडे पाठ फिरविली ती सर्वच सीलांच्या कातड्यांकडे. रेझोल्यूट या अतिउत्तरेच्या वस्तींत कातड्यांपासून १९८२ सालीं ५४ हजार डॉलर उत्पन्न होतें. १९८३ सालीं तें एक हजारावर आलें. या वस्तीची हकीकत ऐकली म्हणजे मन विषण्ण होतें. १९५३ सालीं याच कॅनडा सरकारनें दक्षिणेकडील क्वेबेकच्या किनाऱ्यावरून इन्युइट कुटुंबें उचलून या उजाड ठिकाणीं नेऊन वसविलीं. तेथें शिकार भरपूर आहे, सुखानें शिकारीवर राहा, असें त्यांना सांगितलें. तीस वर्षांनीं त्या शिकारीचें मोल गेलें. लंडनमध्यें पत्रावर सही करणाऱ्या सज्जन बाईच्या मनांत या लोकांचें वाईट करण्याचा विचार स्वप्नींहि नसेल. तिला ते लोक ठाऊकच नव्हते.

बहिष्काराच्या यशानें दुसऱ्या चळवळ्यांस धीर आला. शास्त्रीय संशोधनाच्या नांवाखालीं देवमासे मारणाऱ्या आइसलंडच्या माशांवर ग्रीनपीसनें असाच बहिष्कार पुकारला. पश्चिम जर्मनींतील आणि अमेरिकेंतील मोठीं गिऱ्हाइकें गेलीं, आणि १९८९ सालीं आइसलंडनें देवमाशांची शिकार थांबविली. ती २००६ सालीं व्यापारासाठीं पुन्हा सुरू झाली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

कॅनडांतहि तसेंच झालें. १९९२ च्या जुलैमध्यें न्यूफाउंडलंडच्या समुद्रांतील कॉड मासा इतका उणावला कीं, सरकारला मासेमारीच बंद करावी लागली, आणि हजारों कोळी एका दिवसांत बेकार झाले. कॉड संपला तो मुख्यतः दशकानुदशकें केलेल्या बेसुमार मासेमारीनें. पण बोट दाखवावयास सील सोयीचा होता, तो मासा खातो हें सर्वांना दिसतें. १९९६ सालीं पुन्हा दोन लाख चाळीस हजार सील मारले गेले. यांत पांढरीं पिल्लें नव्हतीं. पांढरी लोकर गळूं लागलेलीं, काहीं आठवड्यांचीं पिल्लें होतीं. कायद्याचें अक्षर पाळलें गेलें. २००३ सालीं तीन वर्षांसाठीं मिळून ९,७५,००० ची मर्यादा जाहीर झाली, आणि २००४ या एका सालीं साडेतीन लाखांहून अधिक सील मारले गेले. तेव्हां २००५ मध्यें अमेरिकेंत कॅनडाच्या माशांवर बहिष्काराची हांक पुन्हा उठली. त्यानंतर निर्णायक घाव आला तो मात्र कायद्याचा. ५ मे २००९ रोजीं युरोपीय पार्लमेंटनें ५५० विरुद्ध ४९ मतांनीं, कोणत्याहि वयाच्या सीलाचा माल युरोपच्या बाजारांत आणण्यास बंदी करणारा कायदा संमत केला. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. २०१४ सालीं तेथील अपील मंडळानें ठरविलें कीं, लोकांच्या नीतिभावनेसाठीं अशी बंदी घालतां येते, परंतु सवलती वांटतांना पक्षपात झाला आहे, तो दुरुस्त करावा. रशियानें २०११ सालीं दार लावलें, आणि २०१८ सालीं भारतानेंहि सीलाचीं कातडीं आयात करण्यास मनाई केली.

इन्युइटांनीं या साऱ्या काळांत मौन धरलें होतें असें नाहीं; त्यांना ऐकणारें कोणी नव्हतें. युरोपांतील मतदानानंतर तीन आठवड्यांच्या आंत कॅनडाच्या गव्हर्नर जनरल मिशेल जां या नुनावुत प्रदेशांतील रँकिन इन्लेट येथें गेल्या असतां त्यांनीं सर्वांदेखत सील फाडण्यास हात लावला आणि त्याच्या काळजाचा कच्चा तुकडा खाल्ला. युरोपांत त्यावर नाकें मुरडलीं गेलीं. त्या गांवच्या लोकांस तो आपला सन्मान वाटला. २०१४ सालीं ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेनें इन्युइटांची जाहीर क्षमा मागितली. व्यापारी शिकारीविरुद्ध बोलतांना तुमच्या उपजीविकेवर काय घाव पडतो आहे हें आम्हीं लक्षांत घेतलें नाहीं, असा तिचा आशय होता.

२०१५ सालीं युरोपनें कायदा दुरुस्त केला आणि इन्युइटांनीं मारलेल्या सीलाच्या मालास दाखला देण्याचा अधिकार नुनावुतच्या सरकारास मिळाला. त्या वलयांकित सीलाच्या कातड्याचे, बायकांनीं हातानें शिवलेले जोडे तेव्हांपासून दाखल्यासह युरोपच्या दुकानांत ठेवतां येतात. रेझोल्यूटमध्यें १९८२ सालीं जो मुलगा बापाबरोबर बर्फावर जाऊं लागला असेल, तो या वेळीं चाळिशी ओलांडून गेला होता.